बालगंधर्वांचा रसिकवर्ग

मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७) यांच्या गायनावर उत्कट प्रेम करणारा श्रोतृसमुदाय. बालगंधर्व १९०५ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून हा समुदाय अस्तित्वात आहे. त्यांच्या निधनालाही आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला असून त्यांना ऐन उमेदीत ऐकणारी पिढी अस्तंगत झाली आहे. तथापि त्यांचा रसिकवर्ग नाहीसा झालेला नाही. लोकप्रिय गायकावरील श्रोत्याचे प्रेम हा सामान्यतः चरित्रलेखनातील आनुषंगिक विषय समजला जातो. बालगंधर्वांच्या बाबतीत मात्र हे प्रेम त्यांच्या गायकीच्या जडणघडणीचे, तिच्या जतनाचे आणि काही अंशी तिच्या हानीचेही कारण ठरले. म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करणे उचित होय.

अशा श्रोत्यासाठी मराठीत निरनिराळे शब्द रूढ आहेत. ‘रसिक’ हा शब्द संस्कृत साहित्यशास्त्राच्या परंपरेतून आला असून त्यात आस्वाद घेण्याची पात्रता अभिप्रेत आहे. ‘दर्दी’ या शब्दात आस्वादाबरोबर व्याकुळतेचीही छटा आहे. ‘कानसेन’ हा तानसेनाच्या नावावरून विनोदाने बनविलेला शब्द केवळ ऐकून जाणकार झालेल्यास लावतात. बालगंधर्वांच्या श्रोत्याला मात्र पुष्कळदा ‘भक्त’ असेच म्हटले गेले. स्वतः बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. एका बाजूने भक्त आणि दुसऱ्या बाजूने मायबाप, या दुहेरी नात्यातच या प्रेमाचे सामर्थ्य आणि त्याची गुंतागुंत दोन्ही सामावलेली आहेत.

या रसिकतेची भूमी प्रामुख्याने दक्षिण महाराष्ट्राची. राजहंस कुटुंब सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या नागठाणे (ता. पलूस) या गावचे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथेच ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. पुढील काळातील दोन प्रमुख नाटककारांपैकी गो. ब. देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, तर कृ. प्र. खाडिलकर हे सांगलीचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस वास्तव्य केले आणि मिरजेचे तंबोरे व सतारी देशभर गेल्या. नाटक आणि गाणे यांचा असा शेजार ज्या प्रदेशात होता, तेथील सामान्य प्रेक्षकाचा कानही तयार झालेला असल्यास नवल नाही.

लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. गायकाला मिळालेली पदवी ही मुळात एका श्रोत्याची दाद होती, हे येथे लक्षणीय. जळगाव येथे मेहबूब खाँ आणि पुढे भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे प्रोत्साहन त्यांना लाभले आणि १९०५ मध्ये मिरज येथे ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्याच साली ‘शाकुंतल’ नाटकातील शकुंतलेच्या भूमिकेने त्यांची कारकीर्द सुरू झाली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या सहकार्याने त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू, ‘द्रौपदी’ (१९२०) मधील द्रौपदी आणि ‘कान्होपात्रा’ (१९३१) या त्यांच्या विशेष गाजलेल्या भूमिका होत.

प्रेक्षकांना नेमके कशाचे वेड लागले, याचे उत्तर एकपदरी नाही. पहिले आकर्षण स्त्रीभूमिकेच्या रूपाचे. त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांनी उंची रेशमी वस्त्रे, दागिने, फुले व अत्तरे यांवर सढळ हाताने खर्च केला. त्यांची लुगडी नेसण्याची व केशभूषेची पद्धत शहरांतील सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी उचलली. पुरुष नटाने दाखविलेले स्त्रीत्व स्त्रियांनीच आदर्श मानावे, ही घटना सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना आजही विचारात पाडते. ‘एकच प्याला’ मध्ये मात्र हेच नट दारिद्र्याने गांजलेल्या सिंधूच्या साध्या वेषात आले, आणि तरीही प्रेक्षक तितकेच हेलावले. यावरून केवळ भरजरी वेषभूषेवर त्यांची लोकप्रियता उभी होती, हा आक्षेप टिकत नाही.

दुसरे आणि अधिक टिकाऊ आकर्षण गाण्याचे. बालगंधर्वांचा आवाज गोड, लवचिक व तिन्ही अंगांनी सुरेल होता. परंतु गोड आवाजाचे गायक इतरही होते. त्यांचे वैशिष्ट्य शब्द आणि लय यांच्या जोडणीत होते. पदाचे शब्द ते बोलल्यासारखे उच्चारीत, एखादा शब्द तालाच्या मागे रेंगाळू देत आणि समेवर येताना हे सारे जणू आपोआप घडले असे वाटावे, इतक्या सहजतेने येत. तान आली तरी ती लहान आणि अर्थाला धरून असे. भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’ साठी यमन, भूप, बिहाग अशा परिचित रागांतील चाली दिल्या, तेव्हा रागदारी संगीत बैठकीच्या उंबऱ्यातून बाहेर पडून सर्वसामान्यांच्या ओठांवर आले. ‘एकच प्याला’ च्या चाली सुंदराबाईंच्या गायकीतून आल्या व त्यांत ठुमरी-गझलेचा हळवेपणा होता. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार त्यांच्या मंडळीत होते. नाटकाच्या तिकिटात अशी साथ ऐकावयास मिळणे ही रसिकांच्या दृष्टीने पर्वणीच होती. हे सारे ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळातील आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवूनही त्यात कुजबुजीचा जिव्हाळा राखणे, ही त्यांची खरी करामत होती.

नाटकगृहातील प्रेमाची भाषा ‘वन्समोअर’ ही होती. पद संपताच प्रेक्षक ते पुन्हा म्हणण्याची मागणी करीत आणि बालगंधर्व ती बहुधा नाकारीत नसत. प्रत्येक आवृत्तीत ते पदाची मांडणी बदलीत. एखादी जागा नव्याने घेत, एखादा शब्द वेगळ्या वजनाने टाकीत. त्यामुळे वन्समोअर ही केवळ पुनरुक्ती नसून श्रोत्याच्या आग्रहाने घडलेली नवी निर्मिती असे. खुर्चीवरील सरदार-सावकार आणि पिटातील कारकून, विद्यार्थी वा कारागीर यांची मागणी एकाच आवाजात उठे. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले तो यामुळेच. आज मैफलीत एकच बंदिश निरनिराळ्या अंगांनी खुलविली जाते, त्यासारखेच काहीसे येथे घडत होते. फरक एवढाच की येथे विस्ताराची सूत्रे अंशतः श्रोत्यांच्या हाती होती.

या प्रेमाची किंमत मात्र नाटकाला मोजावी लागली. दहा-दहा मिनिटे चालणाऱ्या पदांमुळे कथानक थांबून राही, समोरचे पात्र ताटकळत उभे राही आणि संवादांची गती मोडे. जाणत्या टीकाकारांना हे खटकत होते. केशवराव भोळे यांच्यासारख्या संगीतज्ञ समीक्षकांनी नाट्यसंगीताची कठोर चिकित्सा केली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले, तेव्हा मोजकी पदे आणि स्त्रीभूमिकेत स्त्री ही दोन्ही सूत्रे तिने जाणीवपूर्वक स्वीकारली. या संस्थेचा रोख एका नटावर नव्हता, तो एका सवयीवर होता. आणि ती सवय रसिकांची होती. गंधर्वप्रेमी लेखकांनी या टीकेची बहुधा उपेक्षाच केली आहे, जी योग्य म्हणता येणार नाही. खाडिलकरांच्या नाटकांचे नाट्यगुण पुढील पिढ्यांना दिसेनासे झाले, याला पदांनी झाकोळलेले हे प्रयोग बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत.

रसिकांमध्ये तटही होते. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचा तेजस्वी, चढा आवाज आणि बालगंधर्वांचा मृदू, लाघवी आवाज यांच्या चाहत्यांत सतत वाद चाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमान’ चा प्रयोग झाला. त्यात केशवरावांनी धैर्यधराची व बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे चाहते एकाच छपराखाली आले, म्हणून या प्रयोगाला ऐतिहासिक महत्त्व आहे. त्याच वर्षी ऐन तारुण्यात केशवरावांचे निधन झाल्याने तो निवाडा कायमचा अनिर्णित राहिला. पुढे दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) यांच्या आक्रमक, वेगवान गायकीने असाच दुसरा तट निर्माण केला. दीनानाथांच्या चाहत्यांना गंधर्वगायकी फार गुळचट वाटे, तर गंधर्वप्रेमींना दीनानाथांची तान अवाजवी वाटे. असे वाद कडवट होत, परंतु त्यांतून सामान्य प्रेक्षक सूर, लय, तान यांविषयी नेमके बोलावयास शिकला, हा त्यांचा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नटावरील प्रेमाची परीक्षा पाहणारा एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’ चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द न करता त्यांनी भामिनीची भूमिका केली. चाहत्यांच्या सांगण्यात हा प्रसंग कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून येतो. मायबाप प्रेक्षकांना परत पाठवू नये, ही भावना त्यामागे होती हे खरे. परंतु ज्या नात्यात एका पक्षाला आपले दुःखही बाजूस ठेवावे लागते, त्या नात्याचा भार किती होता, याचाही हा प्रसंग दाखला आहे.

ध्वनिमुद्रिका : नाटकगृहाबाहेर हे प्रेम नेले ते ग्रामोफोनने. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ मध्ये कलकत्ता येथे झाली. प्रारंभी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर त्यांचा प्रसार वाढला. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्यांना महाराष्ट्रात मोठी मागणी होती. ज्या गावांत मोठे नाटकगृह नव्हते तेथील रसिकाला पूर्वी नाटकासाठी शहर गाठावे लागे. पुणे-सातारा मार्गावरील नीराकाठच्या शिरवळसारख्या गावी राहणाऱ्याला त्यासाठी एक तर पुण्याची किंवा साताऱ्याची वाट धरणे भाग होते. चावीच्या ग्रामोफोनमुळे तोच आवाज गावातील एखाद्या घराच्या ओटीवर ऐकू येणे शक्य झाले. स्त्रिया, वृद्ध आणि नाटकाला जाणे कमीपणाचे मानणारी कुटुंबे यांनाही हा आवाज घरबसल्या मिळाला.

तबकडीने गाणे पोहोचविले तसे ते बदललेही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावते. रंगमंचावर वन्समोअरसह पंधरा-वीस मिनिटे फुलणारे पद त्या चौकटीत बसविण्यासाठी अस्ताई, अंतरा आणि दोन-चार जागा एवढेच घेऊन आटोपते करावे लागे. १९२५ नंतर जगात विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ होईपर्यंत गायकाला मोठ्या कर्ण्यासमोर तोंड धरून गावे लागे. तबला-सारंगीसारख्या साथीचे आवाज त्यात क्षीण उमटत. सूक्ष्म श्वास, शब्दांच्या कडा, हलकेच सोडलेला स्वर यांपैकी बरेच काही हरवत असे. म्हणजे ज्या गुणांसाठी प्रेक्षक बालगंधर्वांवर लुब्ध होते, नेमके तेच गुण यंत्राला पकडणे कठीण होते. असे असूनही या मुद्रिकांवर रसिकांनी जीव टाकला. ज्यांनी नाटक पाहिले होते त्यांना तबकडी आठवणीची किल्ली होती. तीन मिनिटांत राहून गेलेले ते मनातून भरून काढीत. ज्यांनी ते पाहिले नव्हते त्यांना मात्र तबकडी हेच मूळ वाटू लागले. पुढे नाट्यपदे गाणाऱ्या हौशी गायकांनी तबकडीतील तानच नव्हे, तर वेळ संपत आल्यामुळे घाईने केलेला शेवटही पाठ केला. यंत्राची मर्यादा अशा रीतीने शैलीचा भाग बनली.

मुद्रिकेच्या वेगाचा प्रश्नही रसिकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात. परंतु जुन्या काळी ध्वनिमुद्रणाचा वेग सर्वत्र एकच नसे. समजा, एखादे पद ७४ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झाले आणि ते ७८ फेऱ्यांच्या यंत्रावर वाजविले, तर आवाज हार्मोनियमवरील जवळजवळ एका लगतच्या पट्टीइतका चढतो आणि लयही तेवढीच वाढते. त्यामुळे बालगंधर्व नेमक्या कोणत्या पट्टीत गात आणि त्यांची लय खरोखर किती संथ होती, याविषयी केवळ तबकडीवरून निर्णय देणे धोक्याचे ठरते. रसिक ज्या आवाजावर प्रेम करतो तो आवाज काही प्रमाणात त्याच्या घरातील यंत्राचा असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असल्याने ठिसूळ असत, पोलादी सुईने झिजत आणि हातून पडल्या तर फुटत. हे साहित्य जितके नाशवंत, तितका त्यावरील रसिकाचा जीव अधिक.

लोकप्रिय गाण्यावरील असे प्रेम ही केवळ मराठी घटना नव्हे. फ्रान्समध्ये ‘शांसाँ’ या शब्दप्रधान गीतप्रकाराने विसाव्या शतकात असाच रसिकवर्ग निर्माण केला. शार्ल त्रेने (१९१३–२००१), एदित पियाफ (१९१५–६३) आणि शार्ल अझ्नावूर (१९२४–२०१८) हे त्यातील अग्रगण्य गायक. पियाफ यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी पॅरिसच्या रस्त्यांवर लोटलेल्या जनसमुदायामुळे शहराची वाहतूक थांबली होती. चर्चने धार्मिक विधी नाकारला तरी सामान्य लोकांनी आपल्या गायिकेला निरोप देण्यात कसूर केली नाही. मराठी रसिकाला या गीतप्रकारात ओळखीचे काही सापडते, ते म्हणजे शब्दाला असलेले महत्त्व. पद ऐकताना अर्थ आणि सूर वेगळे काढता येऊ नयेत, ही अपेक्षा दोन्ही ठिकाणी आहे. फरक साधनाचा आहे. फ्रेंच गायकांनी १९३० नंतर ध्वनिक्षेपकाचा उपयोग करून कानाशी बोलल्यासारखी शैली घडविली. बालगंधर्वांची शैली त्यापूर्वीच केवळ गळ्याच्या बळावर घडून गेली होती. मराठीत ध्वनिक्षेपकाला साजेसे हळुवार गायन आले ते पुढे भावगीताच्या रूपाने, आणि त्याच्या अनेक गायकांचे कान गंधर्वांच्या तबकड्यांवर पोसलेले होते.

उत्तरकाल : बोलपटाच्या आगमनानंतर संगीत नाटकाची उतरती कळा सुरू झाली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. गंधर्व नाटक मंडळी कर्जाने आधीच वाकली होती. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. समोर प्रेक्षक नसताना तुकड्यातुकड्यांनी अभिनय व गायन करणे त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही. वन्समोअरच्या हाकेवर ज्यांची कला फुलत होती त्यांना कॅमेऱ्याची नि:शब्द दाद पुरी पडू नये, हे स्वाभाविकच होते. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पण वय आणि शरीर आता साथ देईनासे झाले होते.

या काळात रसिकांच्या प्रेमाची दोन रूपे दिसतात. अनेकांनी थकलेल्या आवाजातही पूर्वीचा गंधर्व शोधला. प्रयोगाला येणारा जुना प्रेक्षक समोरच्या वृद्ध नटाला पाहत नसून आपल्या आठवणीतील रुक्मिणीला पाहत असे. या निष्ठेने बालगंधर्वांच्या अडचणीच्या दिवसांत त्यांना आधार दिला, परंतु रंगभूमीचा निरोप योग्य वेळी घेण्याची मोकळीक त्यांना दिली नाही. दुसरे रूप अधिक अनुदार होते. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. विजापूर जिल्ह्यातून आलेल्या या गायिकेने गंधर्वगायकी इतकी आत्मसात केली होती की त्या स्वतःच त्या गायकीच्या एकनिष्ठ रसिक म्हणाव्या लागतील. चित्रपटगायिका अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. गोहरबाईंनी बालगंधर्वांसमवेत स्त्रीभूमिका केल्या आणि पुढे त्या त्यांच्या आयुष्याच्या सहचारिणी झाल्या. अनेक चाहत्यांना हे रुचले नाही. गंधर्वांच्या विपन्नावस्थेचा दोष गोहरबाईंवर टाकण्यात आला. मंडळीचे कर्ज, बोलपटांची स्पर्धा आणि बालगंधर्वांचा स्वतःचा अव्यवहारीपणा ही कारणे त्यांच्या आगमनापूर्वीचीच आहेत, हे पाहता तो आरोप अन्यायाचा ठरतो. आजारपणात व पंगू अवस्थेत गोहरबाईंनी त्यांची सेवा केली. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. मूर्तीवर प्रेम करणाऱ्या भक्तांना माणसाचे आयुष्य मान्य करणे जड जाते, याचे हे ठळक उदाहरण होय.

बालगंधर्वांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. सांगली जिल्ह्यातील माडगूळचे कवी ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांनी त्यांच्यावर रचलेले काव्य मराठी घरांत तोंडी फिरले. नाटककार वसंत शांताराम देसाई यांनी मंडळीच्या सहवासातून त्यांचे चरित्र लिहिले, ते या विषयाच्या अभ्यासाचा आजही पाया आहे.

रसिकतेचा सर्वांत विचारपूर्ण आविष्कार मात्र एका श्रेष्ठ गायकाकडून झाला. कुमार गंधर्व (१९२४–९२) यांनी १९६५ मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. त्या वेळी बालगंधर्व हयात होते. कुमारांचा आवाज, त्यांचा क्षयरोगानंतर घडलेला तोकड्या श्वासाचा, तुटक व चमकदार ढंग, यांचे गंधर्वगायकीशी वरवर काहीच साम्य नाही. त्यांनी नक्कल केलीच नाही. पदातील शब्द आणि सूर यांचे नाते बालगंधर्वांनी कसे जोडले, लय कोठे सैल सोडली आणि कोठे आवळली, हे त्यांनी स्वतःच्या गळ्यातून उलगडून दाखविले. कार्यक्रमाच्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द नेमका आहे; त्यात आवड आहे, आणि ती तपासून घेण्याची जबाबदारीही आहे. काही जुन्या श्रोत्यांना हे गाणे फार कुमारांचे आणि फार थोडे गंधर्वांचे वाटले. तो आक्षेप समजण्यासारखा असला तरी त्यात एक गफलत आहे. अनुकरण करणाऱ्यांनी गंधर्वांचे हेलकावे जपले, पण प्रत्येक आवृत्तीत पद नव्याने मांडण्याची त्यांची मूळ वृत्ती त्यांच्या हातून निसटली. ती वृत्ती कुमारांकडे होती.

अनुकरणाची परंपराही अर्थात निष्फळ नव्हती. जयमाला शिलेदार (१९२६–२०१३) यांनी बालगंधर्वांच्या सहवासात त्यांची पदे आत्मसात करून ती संगीत नाटकांतून गायिली. त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) यांनी हा वारसा अखेरपर्यंत सांभाळला. सातारा जिल्ह्यातील भाडळे (ता. कोरेगाव) येथील सौदागर नागनाथ गोरे यांना ‘छोटा गंधर्व’ हे नाव मिळाले, परंतु त्यांनी पुढे आपली स्वतंत्र, चमत्कृतीपूर्ण गायकी घडविली. बालवयात गंधर्वांची पदे गाऊन प्रसिद्धीस आलेले आनंद भाटे ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले जातात. एका गायकाच्या नावाचा उत्तरार्ध पुढील पिढीत पदवी म्हणून वापरला जावा, हे त्याच्या रसिकांच्या प्रेमाचेच चिन्ह मानावे लागेल.

पुणे येथील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली आणि त्याचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्या जयंतीस झाले. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली त्यांची दोन मोठी चित्रे आहेत : एक पुरुषवेषातील व दुसरे स्त्रीभूमिकेतील. नाटक न पाहिलेल्या पिढीला बालगंधर्वांचे रूप प्रथम भेटते ते बहुधा या चित्रांतून. २०११ मध्ये रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटात सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली. त्यातील गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. या चित्रपटानंतर तरुण श्रोते मूळ तबकड्यांकडे वळले. तो आवाज प्रथम ऐकताना त्यांपैकी पुष्कळांना खरखरीच्या पडद्यामागील गाणे शोधावे लागते. कान सरावल्यावरच त्यातील लय उलगडू लागते.

लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन भारतात १९७० च्या सुमारास बंद झाले. त्यानंतर त्या जुन्या बाजारातून, मोडीतून आणि घरांच्या माळ्यांवरून गोळा करण्याचे काम संग्राहकांनी केले. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली व तिने नियतकालिक काढून जुन्या मुद्रिकांच्या सूची व माहिती प्रसिद्ध केली. कोणत्या तबकडीवर कोणते पद, तिचा क्रमांक काय, ती कोणत्या साली निघाली, एकच पद किती वेळा मुद्रित झाले, या बारीकसारीक नोंदी ठेवणाऱ्या संग्राहकांमुळेच आज बालगंधर्वांच्या तरुणपणाच्या आणि प्रौढपणाच्या गायनाची तुलना करता येते. त्यांतील एकाच पदाच्या दोन मुद्रिका लागोपाठ ऐकल्यास लयीतील फरक सहज जाणवतो. आता या मुद्रिकांचे अंकीय रूपांतर होत असून वेग दुरुस्त करून केलेल्या प्रती आणि जुन्या ओळखीच्या प्रती यांपैकी कोणता आवाज खरा, याविषयी संग्राहकांत वाद चालू आहे.